देवापुढची पत्रिका

वकीलबाईंनी माझी लग्नपत्रिका उघडली तेव्हा कोपऱ्यावरची वाळलेली हळद त्यांच्या बोटाला लागली. बोलता बोलता त्यांनी ती काळ्या कोटाला पुसली.

घटस्फोटाच्या अर्जाला लग्न झाल्याचा पुरावा जोडावा लागतो. अकरा वर्षं मी त्या घरात नांदले, तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. हे लग्न आहे का, असा प्रश्न तेव्हा फक्त मलाच पडायचा.

माहेरी एकच पत्रिका उरली होती, पहिली, देवापुढे ठेवलेली. देवघरातून ती काढून देताना आईनं एवढंच विचारलं, "काम झालं की परत देतील ना गं?"

मी वकीलबाईंना विचारलं. "निकालानंतर मिळते, पण त्याला वेगळा अर्ज करावा लागतो," त्या म्हणाल्या आणि फाइलला लावायला गणपतीच्या चित्राशेजारी त्यांनी भोकं पाडायचा पंच दाबला.

निकाल लागून वर्ष झालं. तो अर्ज मी केलेला नाही. आई रोज देव पुसून मांडताना पत्रिकेपुरती जागा मोकळी सोडते. मी बघून न बघितल्यासारखं करते. अकरा वर्षांत तेवढं मात्र मी नीट शिकले.