उरलेल्या फितीवरचा आवाज

मुकुंद लेले गेल्याची बातमी मला पुरवणीच्या संपादकांच्या फोनवरून कळली. "तुम्ही त्यांना ओळखत होतात. लेख द्या," ते म्हणाले. मी ओळखत होते, पण त्यांच्याबद्दल चांगलं लिहिता येणार नाही, असं सांगितलं. "मग जे झालं ते लिहा." पुढच्या आठवड्यात मी शोकसभेला गेले. चार जण बोलले आणि चौघांनीही एकच आठवण सांगितली. लेल्यांनी भरून दिलेल्या कॅसेटच्या शेवटी थोडी फीत उरली, की तिथे एका अनोळखी बाईचा आवाज यायचा... ना नाव, ना गाव. एका वक्त्यांनी त्या आवाजाला लेल्यांची सही म्हटलं. सभागृहाने माना डोलावल्या. तो आवाज माझ्या आईचा आहे. तिचं नाव इंदुमती रामचंद्र वाघमारे. ती विश्रांतवाडीत राहायची, आणि लेल्यांना तिचं नाव माहीत होतं. एवढं नोंदवण्यासाठी हा लेख आहे.

लेल्यांचं दुकान शनिवार पेठेत एका जिन्याखाली होतं. तिथे तयार कॅसेट मिळत नसत. आपण गाण्यांची यादी द्यायची, लेले त्यांच्याकडच्या तबकड्यांवरून ती कोऱ्या कॅसेटवर भरणार, आणि आठ दिवसांनी जाऊन आणायची. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर बारा ओळी असत. त्यावर पेन्सिलीने, छापल्यासारख्या अक्षरात, गाण्यांची नावं. दहावीच्या निकालानंतर मी माझी पहिली यादी घेऊन गेले. आखीव कागदावर, दोनदा लिहून काढलेली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली.

"अकरा गाणी वाया आहेत. बारावं बरं आहे."

"काका, मला हीच हवी आहेत."

"मग भरतो. ऐकायचंय तुम्हालाच."

सोळा वर्षांच्या मुलीला ते 'तुम्ही' म्हणत. त्या 'तुम्ही'त आदर नव्हता, हे समजायला मला काही वर्षं लागली. घरी टेपरेकॉर्डर नव्हता. शेजारच्या तायडेकाकूंकडे ती कॅसेट लावली तेव्हा पहिल्या बाजूचं सहावं गाणं संपल्यावर क्षणभर शांतता झाली आणि सारंगी सुरू झाली. यादीत सारंगी नव्हती. मला वाटलं चूक झाली, म्हणून सांगायला गेले, तर म्हणाले, "फीत रिकामी सोडू नये. तुमच्या आवडीवर तेवढाच उतारा." मला ते फार आवडलं. मी गल्लीभर सांगत सुटले. त्यानंतरची दोन वर्षं माझ्या हातात आलेला प्रत्येक खाऊचा पैसा त्या जिन्याखाली गेला, आणि तिथेच एकदा मी बोलून गेले की माझी आई गाते.

आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वर्षातून दोनतीनदा, विहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमात, ती गायची. त्या वर्षी जयंतीला लेले आळंदी रस्त्याच्या बसने आले, कापडी पिशवीत रेकॉर्डर घेऊन. आईला आधीही ऐकलं होतं, पण मैफल म्हणून पाहिली ती तीच पहिली. चौकात फळ्यांचं स्टेज, पेटी, ढोलकी आणि दोन कर्णे. बाबांनी त्यांच्यासाठी घरातून खुर्ची आणून ठेवली. ते खुर्चीवर बसले नाहीत. कर्ण्याची शिट्टी वाजत होती, ती त्यांनी एक कर्णा फिरवून बंद केली. ढोलकीवाल्याला दोन हात मागे बसवलं. एरवी आमच्या चौकात बाहेरच्या कुणी असं सांगितलेलं चाललं नसतं, पण आवाज खरोखरच सुधारला, म्हणून खपलं. त्यांचा कान चांगला होता. हेही नोंदवते.

आई चार गाणी गायली. शेवटच्या टाळ्या संपायच्या आत लेले स्टेजपाशी गेले. "बाई, नाव काय आपलं?" आईने पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी रेकॉर्डर बंद केला आणि ते खिशातल्या वहीत लिहिलं. मी शेजारी उभी होते. "फार छान. तुम्हाला एक कॅसेट भरून देतो." आईने स्वतःचा आवाज तोवर कधी ऐकलेला नव्हता. पुढच्या महिन्यात तिने त्या एका कॅसेटसाठी टेपरेकॉर्डर घेतला आणि त्यावर स्वतः भरतकाम केलेला रुमाल टाकून ठेवला.

मी आठ दिवसांनी गेले. पुन्हा आठ दिवसांनी गेले. "होईल हो. गिऱ्हाइकांचं आधी." कारखान्यातून आल्यावर आई चप्पल काढता काढता विचारायची, "दिली का गं त्यांनी?" काही महिन्यांनी तिने विचारणं बंद केलं. पुढे कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे बिबवेवाडीला गेले असताना तिने गझलांची एक कॅसेट लावली. दुसरी बाजू संपत आली आणि आईचा आवाज आला. मैत्रीण चहा गाळत होती. म्हणाली, "हे लेल्यांचं नेहमीचं. कोण आहे देव जाणे, पण आवाज काय आहे ना?" मी ती कॅसेट मागून घेतली आणि घरी लावली. आई खाटेवर ताठ बसून ऐकत होती. अडीच मिनिटं झाली, आणि कडव्याच्या मधेच फीत संपली. खटका पडला. "पुढचं कुठाय?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. नाव का लिहिलं नाही, असं विचारलं.

"ओळी बारा, गाणी बारा. नाव कुठे लिहू? कडेला?"

"मग विचारलंत कशाला?"

"सवय आहे." त्यांनी मान वर केली नाही. "आणि बाई, नावाने काय होतं? लोक ऐकतायत ना? तुमच्या चौकात किती जणांनी ऐकलं असतं?"

"आईची कॅसेट द्या."

"देतो की. मूळ फीत सापडली की देतो."

मी पुन्हा त्या दुकानात गेले नाही. दुकान पुढे बंद झालं. लेले संग्राहक म्हणून ओळखले जाऊ लागले. तोवर मी वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. एका वार्ताहराने त्यांच्यावर लिहिलेला लेख संपादनासाठी माझ्याच टेबलावर आला. त्यात शब्द होते, 'वस्तीतल्या एका कार्यक्रमात सापडलेली अज्ञात गायिका'. मला शिकवलेला नियम असा होता, की आपल्या घरातलं नाव आपल्या हाताने छापायचं नाही. वार्ताहराला फोन करून दुरुस्ती मागता आली असती. वरिष्ठांना सांगता आलं असतं. मी फक्त एक स्वल्पविराम काढला आणि मजकूर पुढे पाठवला.

रविवारी आईने चष्मा लावून पुरवणी वाचली. ती सगळं वाचायची, जाहिरातींसकट.

"ही मीच ना?"

"हो."

"तू तिथेच कामाला आहेस ना?"

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुरवणीची घडी घातली, "बरं," म्हणाली आणि उठली. पुढे आठ वर्षं ती जगली, पण हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. लेल्यांचा राग करणं सोपं आहे, आणि तो मी अजून करते. त्या 'बरं'चं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही...

शोकसभेत चौथे वक्ते बसल्यावर मी उभी राहिले आणि आईचं नाव सांगितलं. दोन वाक्यं. सूत्रसंचालकांनी आभार मानले. बाहेर लेल्यांच्या सूनबाई माझ्या मागे आल्या. सगळा संग्रह आता कुठल्याशा संस्थेला जाणार आहे, त्याआधी तुमचं काही असेल तर बघून घ्या, असं त्यांनी सुचवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. शोधावं लागलं नाही. लेल्यांच्या खुर्चीवरून हात पोचेल अशा फळीवर, पहिल्याच रांगेत, कॅसेट होती. कार्डावर त्यांच्या पेन्सिलीच्या अक्षरात एकच ओळ होती, 'उरलेल्या फितीसाठी'. खालच्या अकरा ओळी रिकाम्या होत्या.

आईचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे. आतला पट्टा बदलून घेतला आणि ऐकलं. चारही गाणी पूर्ण आहेत. शेवटी टाळ्या आहेत, आणि टाळ्यांतच लेल्यांचा आवाज आहे, "बाई, नाव काय आपलं?" मग आई. इंदुमती रामचंद्र वाघमारे, स्पष्ट, न घाबरता, हजेरीला उत्तर द्यावं तसं. इतक्या कॅसेटी भरताना दर वेळी ते याच्या आधी थांबले असणार. तिच्या नावानंतरची फीत बाजू संपेपर्यंत रिकामी आहे. लेल्यांच्या हातची तशी फीत मी दुसरी पाहिलेली नाही.

कार्डावरच्या दुसऱ्या ओळीत मी शाईने आईचं नाव लिहिलं. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकच्या दोन खुंट्या असतात. त्या मोडल्या, की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. लेल्यांनी त्या शाबूत ठेवल्या होत्या. मी दोन्ही मोडल्या.