बंद घरांचे चिरे

“माका काय इचारतस रे? खांबाक इचार!” असं म्हणून काकी खांबावर सणसणीत थाप मारायची, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मग तोच तळहात कपाळाला लावायची.

काकी माझी शेजारीण, आणि खांब आमच्या गावातल्या जुन्या कापड गिरणीचा. सगळा मुलूख चिऱ्याची आणि कौलांची घरं बांधत होता, तेव्हा कुणा हौशी शेटजीने ही सिमेंट-लोखंडाची गिरणी उभी केली. तुम्ही गिरणीपुढच्या कट्ट्याकडे आलात तर जरा आत शिरून वर बघा. माडीखाली एक तुळई दिसणार नाही. अठपैलू खांब वर जाता जाता रुंदावतात आणि उघडलेल्या छत्रीसारखी माडी पेलतात. उत्तरेला नुसत्या काचा. उजेड भरपूर, पण सुतावर ऊन पडत नाही.

काकी तरुणपणी तिथे मागावर होती. “शंभर माग धडधडत, पण माडयेर पेल्यातला पाणी हलाचा नाय,” असं ती सांगायची. यातलं निम्मं मी सोडून देत असे.

गिरणी कधीच बंद पडली होती. शेवटी इमारत धोकादायक ठरली आणि पाडायचं घाटू लागलं. इकडे काकीने गावातल्या बायकांना शब्द देऊन ठेवलेला, की तुमचे हातमाग गिरणीतच बसतील. “गिरण पडली तर मी तोंड खंय दाखवू?” ती मला म्हणाली.

कचेरीत मात्र ती शुद्ध मराठीत ठणकावून बोलली, “साहेब, फाशी देण्याआधी चौकशी तरी करा!”

तिथला तरुण इंजिनिअर हसला आणि तयार झाला. माडीच्या एका भागावर वजन चढवायचं, खाली वाक मोजणारा काटा लावायचा. माडी जास्त वाकली तर गिरणी पाडायची. वजनाला चिरे चालतील, असं तो म्हणाला. घरटी दहा चिरे ठरले. त्याने गावातली नांदती घरं मोजून हिशेब केला आणि खाली काटा लावत बसला.

वर चिरे येतच राहिले. तो माडीवर गेला आणि डोक्याला हात लावून ओरडला, “हे जास्तीचे कुणाचे?”

“बंद घरांचे, सायबानु. मुंबयक गेली म्हणान तेंचो मान जाता काय?” चिरे वाहणारी एक बाई म्हणाली.

त्याने सगळ्यांना बाहेर पिटाळलं. काकी खाली खांबाला टेकून उभी.

“आजी, बाहेर या!”

“मी इचारलंय तेका,” ती म्हणाली. शेवटी दोघी बायकांनी तिला धरून बाहेर आणलं.

काटा जरासा हलला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी चिरे उतरवले, तसा जागेवर परत आला. “मागितलं त्याहून कितीतरी जास्त पेललंय हिने!” इंजिनिअर ओरडला. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला देतात तशी साऱ्या गावाने साद दिली, “व्हय म्हाराजा!” मी भर गर्दीत रडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

हातमाग बसले, चालले. चिऱ्यांचा गिरणीपुढे लांबलचक कट्टा झाला.

गेल्या चैत्रात काकी गेली. तिचं घर आता बंद असतं. परवा मागांच्या पूजेला घरटी एक नारळ होता, पण खांबापाशी चार जास्तीचे निघाले. तिच्या बंद घराचा म्हणून चौघींनी, एकमेकींना न विचारता, एकेक आणला होता.

“एवढे कशाला गो?” मी विचारलं.

त्यातल्या एकीने खांबावर सणसणीत थाप मारली. “माका काय इचारतास? खांबाक इचारा!”