बेचाळीस लाट्यांचा चंद्र

सत्तरच्या दशकात, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मला मुलींच्या एका शाळेत नमुना पाठ घ्यायचा होता. पाठ पसंत पडला तर नोकरी पक्की. विषय मिळाला, चंद्राच्या कला. सून शाळेत गेली तर पापड कोण लाटणार, असं सासूबाई महिनाभर ऐकवत होत्या. मी क्रमांक घालून टाचण लिहिलं आणि आदल्या सकाळी, इतवारीतल्या आमच्या गच्चीवर उडदाचे पापड लाटताना, त्यांना वाचून दाखवलं. मुद्दा तिसरा: पृथ्वीची सावली पडते, म्हणून चंद्र अर्धा दिसतो.

"कुठं पडते?" त्यांनी लाटणं नैऋत्येकडे रोखलं. निळ्या आभाळात अष्टमीचा अर्धा चंद्र होता. "सूर्य इकडं, चंद्र तिकडं बाजूले, दोघायच्या मंधात आपण नाही. मग आपली सावली त्याच्यावर कशी पडन वं?"

जन्मभर उन्हामागे पापडांची चादर सरकवणाऱ्या बाईशी सावलीवरून वाद घालता येत नाही. तरी मी घातला. "तो बघा ना!" म्हणून हात वर केला, तर हातात पिठाची लाटी. ती नेमकी चंद्राशेजारी आली. लाटीची डावी बाजू उन्हात, उजवी काळी. चंद्रही डावीकडे तेवढाच उजळ!

मुद्दा तिसरा खोडला. हात लांब करून सूर्याकडे तोंड केलं. लाटीची माझ्याकडची बाजू काळी, म्हणजे अमावास्या. डावीकडे वळत गेले. कोर आली, अर्धी झाली, फुगली. सूर्याकडे पाठ होताच माझ्या डोक्याची सावली लाटीवर.

"ग्रहण लागलं!" सासूबाई ओरडल्या.

हात जरा उचलला. पौर्णिमा! सावली हवी ती ग्रहणाला. कलांना चंद्राचं फिरणं पुरतं.

"मले दे." पदर खोचून त्या फिरू लागल्या. "अमावास्या... पोर्णिमा... अमावास्या... धर वं मले, महिना लई लवकर संपून राहिला!"

दोघी धपकन चादरीवर बसलो. चार पापड लुगड्याला चिकटले. हसू आवरेना.

"वर्गात पोरी किती हायत?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"बेचाळीस."

त्यांनी पिठाचा गोळा पुढे ओढला आणि लाट्या तोडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर बेचाळीस मुली हात वर करून डावीकडे फिरल्या. पाच जणींना गरगरलं, तिघींनी चंद्र खाऊन टाकला. मोठ्या बाईंनी माझी लाटी मागून घेतली, स्वतः एक फेरी पूर्ण केली आणि जरा झोक सावरत मला म्हणाल्या, "सोमवारपासून या."

नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या तोंडात चंद्र होता.