तळ्यात सोडलेला सकर

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर चहा पिऊ आणि आपापल्या घरी जाऊ. कबूल? मग ऐका, मी ठाण्यातलं एक अख्खं तळं कसं बुडवलं ते. म्हणजे, पाच-सहा दिवस मला तरी तसंच वाटत होतं.

आमच्या घरी माशांची काचेची टाकी आहे. त्यात चार गोल्डफिश आणि एक सकर. सकर म्हणजे तो काळा, ठिपक्याठिपक्यांचा, काचेला तोंड लावून चिकटून बसतो ना, तो. दुकानदार म्हणालेला, "घेऊन जा, काच साफ ठेवतो." तेव्हा बोटाएवढा होता हो! चार वर्षांत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत झाला. शेपटी हलवली की पाणी थेट टीव्हीवर!

एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, बिचाऱ्या गोल्डफिशना वळायला जागा राहिली नाही. याचं काहीतरी करा."

"काय करू? मारू?"

"मारताय कशाला! तळ्यात सोडा. पुण्य लागेल."

पुण्य! सोमवारी कामावर जाताना स्कूटरवर पायाशी झाकणाची बादली ठेवली, तळ्यावर गेलो आणि पायरीवरून त्याला सोडलं. पठ्ठ्या क्षणभर पायरीलाच चिकटला, मग गेला खाली. मी हात जोडले. खरंच जोडले! आणि गेलो वागळे इस्टेटला, आमच्या वर्कशॉपमध्ये.

दुपारी डबा खाताना मोबाईलवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा तळ्यातले मच्छीमार रडकुंडीला आलेले. जाळ्यात रोहू नाही, कटला नाही, नुसते सकर! हा बाहेरचा मासा, याला कोणी खात नाही, हा मात्र बारक्या माशांची अंडी खातो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बघता बघता तळं भरून टाकतो.

घास तोंडातच राहिला. तळं भरून टाकतो? पण माझा तर एकटाच आहे! मग आठवलं, माझा तो नर की मादी हे मला कुठे माहीत होतं? आणि पोटात अंडी असली तर?

मंगळवारपासून मी रोज सकाळी तळ्यावर. पायरीवर बसायचं आणि पाण्यात बघत राहायचं. दिसला तर उचलून आणू, एवढाच विचार. पाण्यावर एक बुडबुडा आला की मी पायरीवरून उठून उभा. बायको म्हणाली, "एका माशानं काय होतंय एवढं?" मी म्हटलं, "अगं, एकानेच सुरुवात होते!" जेवण जाईना. चार दिवसांत पँट ढिली झाली.

शनिवारी मागून आवाज आला, "काय साहेब, रोज येताव? काय बघताव पान्यात?"

बाळारामकाका. तिथले जुने मच्छीमार. तळ्याच्या मासेमारीचा ठेका त्यांच्या सोसायटीकडे. दर पावसाळ्यात ते रोहू-कटल्याचं बीज सोडतात आणि वर्षभर त्यावर दहा-बारा घरं चालतात. हे सगळं त्यांनीच सांगितलं. मी तोंडातल्या तोंडात विचारलं, "काका, मासे... कमी झालेत का हो?"

झालं! गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला बॅग, आणि प्रश्न काय, तर मासे कमी झालेत का? काकांनी मागे वळून हाक मारली, "अरे या रं, मच्छी खात्याचं साहेब आल्यान!"

"अहो, मी तो नाही..."

पण ऐकतंय कोण? पाच-सहा जण जमले. कोणीतरी खुर्ची आणली, कोणी चहा. आणि जो तो सांगायला लागला. रोहू निम्म्यावर आला. मरळ तर दिसतच नाही. परवाच नवं जाळं फाटलं.

"कशानं फाटलं?" मी विचारलं.

"त्या काल्या काटेरी माशानं! लोकं घरचं मासं आनून सोडतान ना!"

मी चहाचा कप खाली ठेवला. काका म्हणाले, "साहेब, आमाला लिवता येत नाय धड. तुमीच अर्ज लिवा."

नाही कसं म्हणणार? मी लिहिला! चांगला सुवाच्य अक्षरात: 'अज्ञात इसम घरगुती मासे तळ्यात सोडून आमच्या पोटावर पाय आणत आहेत. तरी सदर इसमांवर कडक कारवाई व्हावी, ही नम्र विनंती.'

काका म्हणाले, "वाचा मोठ्यानं." मी वाचायला लागलो. 'पोटावर पाय'पर्यंत आलो आणि मान वर केली. त्या बाया-माणसांचे चेहरे समोर. शेवटी कागद खाली ठेवला.

"काका, मी साहेब नाही. मी पत्रे कापायच्या वर्कशॉपमध्ये आहे. आणि सोमवारी इथे सकर सोडला, तो मीच."

मी स्कूटरची किल्ली मुठीत धरलेली. मार पडणार, याची खात्रीच होती.

काकांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. मग उठले आणि मला होडीपाशी घेऊन गेले. होडीत एक टोपली होती, ओल्या गोणपाटानं झाकलेली. त्यांनी गोणपाट उचललं. आत काळेच काळे सकर! वीस तरी असतील. काही माझ्या हाताएवढे लांब.

"ही आजची सकालची," काका म्हणाले. "तुमी एकलंच शानं नाय या ठान्यान. सगल्यांनाच पुन्य पायजे."

विश्वास ठेवा, मला आधी हायसंच वाटलं. पाच-सहा दिवसांचं ओझं उतरलं. तळं मी एकट्याने नव्हतं बुडवलं! मी जवळजवळ हसलोच.

"हसू नका," काका म्हणाले आणि अर्जाचा कागद पुन्हा माझ्या हातात दिला. "आता अज्ञात कुठं राहिला? ता खोडा, नि तुमचं नाव लिवा."

मी गपचूप पेन काढलं.

"पत्त्यासकट. आनि साहेब, अक्षर असंच झ्याक येऊ द्या. कारवाई करनाऱ्याला वाचता आलं पायजे."