साडेअकराला जाणारं नेट

जळगावच्या आमच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं वायरमन होतो. निवृत्त झालो तरी वर चढायचं काम निघालं की बोलावतात. त्यामुळे हेमांगीचं काम जवळून पाहिलं.

हेमांगी असोद्याची. कॉलेजचं वायफाय सांभाळायला वर्षाच्या करारावर लागली. एप्रिलमध्ये मुलींच्या हॉस्टेलचं नेट रोज साडेअकराला जायचं आणि चारला आपोआप यायचं. प्राचार्यांनी बजावलं, "शनिवारपर्यंत नीट झालं नाही तर बाहेरच्या कंपनीला काम देऊ. तुमचा करार संपला."

हॉस्टेलला नेट येतं ते गच्चीवरच्या छोट्या डिशमधून. समोर मुख्य इमारतीवर तशीच दुसरी. मध्ये काही आडवं येता कामा नये.

हेमांगीने डिशची पेटी बदलली, वायर बदलली, बोल्ट तपासले. चार दिवसांत नऊ वेळा वर गेली. सहासष्ट पायऱ्या आहेत. पण गेली ती सकाळी नाहीतर चारनंतर, कारण दुपारी गच्चीची किल्ली मेसच्या कमलबाईकडे. वर तिचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पापड, वाळत. ती कोणाला पाऊल ठेवू देत नसे.

सगळ्यांत मोठी तक्रार कमलबाईचीच. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. बिबडे टाकून, जेवण उरकून फोन घेऊन आडवी व्हायची, तर व्हिडिओ अडकलेला.

"हेमांगी, तुनं नेट बठ्ठं मरेल शे," ती जिन्यातून ऐकवायची. "पगार कसाना लेस माय?"

गुरुवारी नेट दिवसभर चाललं. मी म्हटलं, "सुटलीस."

"नाना, मी काहीच केलं नाही. मग सुटले कशी?"

हे मला पटलं. गुरुवारी हॉस्टेलमध्ये काय नव्हतं, ते तिने शोधलं. कमलबाई नव्हती. लग्नाला धुळ्याला गेली होती.

शुक्रवारी साडेअकराला हेमांगीने शिजल्या पिठाचं पातेलं स्वतः उचललं आणि कमलबाईच्या मागे वर गेली. मीही गेलो. कमलबाईने आधी दोरी काढली आणि स्टीलची मोठी थाळी बरोबर डिशच्या तोंडासमोर लटकवली. वाऱ्याने थाळी दांड्यावर वाजू लागली.

"हे काय?"

"कावळा येतस. वाजनी की पळतस. चारला काढी लेस, रातना जेवणले लागस."

हेमांगीने तिच्यापुढे फोन धरला. नेट गेलेलं. कमलबाईने एकदा फोन बघितला, एकदा थाळी. मग मला म्हणाली, "नाना, तुम्ही वायरमन ना? एवढं दिसनं नही?"

थाळी टाकीच्या पाइपला बांधली. नेट आलं. हेमांगीने ती तीनदा डिशसमोर नेऊन परत आणली. तीनदा गेलं, तीनदा आलं. मगच तिने रजिस्टरमध्ये लिहिलं.

शनिवारी एक वाजता प्राचार्य तपासायला आले. गच्चीच्या दारात कमलबाई उभी.

"बूट काढा साहेब. खाणानी चीज शे."

साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले. एप्रिलमधली स्लॅबची गच्ची. हेमांगी शांतपणे सांगू लागली, आधी पेटी, मग वायर, मग बोल्ट. साहेब या पायावरून त्या पायावर.

"पटलं. खाली जाऊन करारावर सही करतो."

"सर, डिशचा कोन राहिला. अर्धवट तपासणी नको."

त्यांनी तिथेच कागद मागितला आणि टाकीला टेकवून सही केली. ती फार वाकडी आली आहे. पण करार पुढच्या एप्रिलपर्यंत पक्का.