अक्साच्या पाण्यात

बायको गेल्यानंतर सहा महिने मी देवापुढे दिवा लावला नव्हता. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. दोन वर्षं कारखान्यातली पाळी, हॉस्पिटलचे हेलपाटे आणि घरी आल्यावर पोथी, एवढंच आयुष्य होतं. पारायण कधी चुकवलं नाही, तरी ती गेली. राग आला, पण तोही फार दिवस टिकला नाही. उरला तो नुसता शीण. देवघरातल्या मूर्तींवर धूळ साचत गेली. ती पाहवेना आणि पुसायला हातही उचलेना. शेवटी एका रविवारी सकाळी सगळे देव पंच्यात गुंडाळले, पिशवीत घातले आणि घाटकोपरहून बस बदलत अक्साच्या किनाऱ्यावर गेलो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट असेल. जुहूला गर्दी, कुणीतरी विचारलं असतं काय सोडताय म्हणून.

पावसाळा सरत आला होता. सगळीकडे लाटा फुटत होत्या, फक्त एका पट्ट्यात पाणी सपाट आणि जरा गढूळ दिसत होतं. मला वाटलं, इथंच बरं. जवळच वाळूवर एक म्हातारी तळपायाला चिंधी बांधत बसली होती. गळ्यात क्रूस, शेजारी मासळीची टोपली. ती ओरडली, "ए बाबा, तिथं नको उतरू! तिथं ओढ आहे!" मी लक्ष दिलं नाही. मालवणकडचा माणूस मी, लहानपणापासून खाडीत पोहलेला. मला काय पाण्याची भीती!

मांडीभर पाण्यात जाऊन पिशवी सोडली आणि पायांखालची वाळूच सरकली. पाणी मला खाली नव्हे, आत खेचत होतं. वळून किनाऱ्याकडे हात मारू लागलो, पण जितके हात मारावेत तितका किनारा लांब जाई. नाकातोंडात खारं पाणी गेलं, दंडांत गोळे आले. खरं सांगतो, एका क्षणी वाटलं, जाऊ दे, सुटलो. त्या विचाराची मला आजही भीती वाटते.

तेवढ्यात किनाऱ्यावर लाल काहीतरी हललं. म्हातारी डोक्यावरचं फडकं काढून हलवत होती. ती मला आपल्याकडे बोलावत नव्हती. हाताने बाजूला दाखवत होती आणि स्वतः लंगडत तिकडेच चालली होती. वाऱ्यातून शब्द आले, "आडवा जा! आडवा!" मला नीटसं कळलं नाही, पण झगडायची ताकदही उरली नव्हती. हात मारणं थांबवलं आणि उताणा पडलो. तोंडात देवाचं नाव आलं, मी आणलं नव्हतं. पाण्याने मला तरंगू दिलं, श्वास सापडला. मग ती चालत होती त्या दिशेने, किनारा बाजूला ठेवून, हळूहळू सरकत राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. एकाएकी ओढ सुटली, आणि उतरताना ज्या लाटा मी टाळल्या होत्या त्यांनीच मला ढकलत वाळूवर आणून टाकलं.

म्हातारी धापा टाकत शेजारी बसली. "पाण्याशी भांडतोस काय?" ती चिडून म्हणाली. "ओढ नाही बुडवत कुणाला. माणूस भांडून दमतो, मग बुडतो. पिशवीत काय होतं?"

"देव," मी म्हणालो.

ती छातीवर क्रूसाची खूण करून म्हणाली, "रड आता." बायको गेल्यापासून रडलो नव्हतो, तो तिथे रडलो. म्हातारी म्हणाली, एरवी ती त्या वेळेला घरी गेलेली असे. शिंपल्याने पाय कापला म्हणून त्या दिवशी तिथे खोळंबली होती. असं का झालं, हे मी कधी कुणाला समजावत बसलो नाही.

दोन महिन्यांनी साडी-नारळ घेऊन तिच्याकडे गेलो. ती बोंबील वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, तर म्हणाली, "कोण रे तू? दर साली दोन-तीन जण असे सापडतात. कुणाकुणाला ध्यानात ठेवू?" मी पाया पडायला वाकलो तेव्हा पाय मागे घेऊन हसली, "राहू दे, हातांना मासळीचा वास लागेल."

शीण अजून आहे. एकट्या माणसाच्या घरात तो असायचाच. पण ज्या बाईमुळे मी जिवंत आहे, तिला माझा चेहराही आठवत नव्हता, हे मनात आलं की हात आपोआप जोडले जातात. मागायला मात्र काही सुचत नाही.