पोट बघणारे आबा

माशाची बरणी हातात घेतली की आबा ती आधी फिरवायचे. "पाठ काय, कुनाची बी बरी दिसती. पोट बगा, सर."

लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो आणि आबा प्रयोगशाळेत शिपाई होते. बेडश्याचे शेतकरी. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता आणि तो त्यांना फारसा पटला नव्हता. तुमच्या कॉलेजात असा माणूस असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका.

आमच्याकडे मुशी, म्हणजे शार्क, होत्या, चपटी पाकटं होती आणि एक मासा शेपटीकडून मुशी, तोंडाकडून पाकट होता. तो मी मुशींत ठेवला होता. आबांनी बरणी फिरवली. कल्ल्यांच्या फटी पोटाला निघाल्या. "मुशीला ह्या कुशीला असत्यात. ह्यो पाकटाच्या भावकीतला." बरणी हलली. मला कुणी विचारलं नाही.

मी वर्गात सांगायचो, की मुशीच चपटी होत होत तिचं पाकट झालं. म्हणून मुशी वरच्या फळीवर, पाकटं खालच्या. एका सकाळी सगळ्या बरण्या एकाच फळीवर दिसल्या, मध्ये वीतभर जागा सोडून.

"हे काय, आबा?"

"पाकट मुशीचं लेकरू न्हाई, भाऊ हाय. आजा एकच, पर वाटनी लय जुनी."

मी त्यांना चांगलंच झापलं. पुढे पुण्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलं, की जनुकं तपासल्यावर तेच निघालंय: पाकटं मुशींच्या पोटची नाहीत, एकाच पूर्वजाच्या या दोन वेगळ्या शाखा. हे आबांना सांगायला मला आठवडा लागला.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्यास्नी बी कळलं."

वाटणीतलं त्यांना कळायचंच. बांधावरून धाकट्या भावाशी बोलणं कैक वर्षं बंद होतं. घर एक, मध्ये भिंत. निवृत्तीच्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "मी गेल्यावं त्यो माजं सुतक धरंल का, सर? न्हाई धरलं, तर आमी एकमेकांचं कुनीच न्हाई."

गेल्या वर्षी आबा गेले. दहाव्याला पवनेकाठी सुतकातली भावकी ओळीनं डोकी करायला बसली होती. धाकटा नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला.

परतताना आबांच्या घरावरून गेलो. भिंतीपलीकडच्या अंगणात धाकटा एकटाच न्हाव्यासमोर बसला होता. अर्धं डोकं झालं होतं.

"घाटावर नाही आलात?"

"भांडान मिटल्यालं न्हाई आजून," तो म्हणाला. "पर भाऊ व्हता माजा."

न्हाव्यानं त्याची मान पुन्हा खाली वाकवली. हे सांगायला मला एकटे आबाच हवे होते.